चुंबकाला चिकटलेलं पातेलं

इंडक्शन शेगडी घ्यायचीच असं मी ठरवलं ते एका निरांजनामुळे.

अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णेपलीकडच्या एका बोळीत, आई एकटी राहते. वडील गेल्यावरही तिनं ते घर सोडलं नाही. आम्ही माळी. तिनं आयुष्यभर फुलं विकली. आता विकत नाही, पण बोळीत कोणाकडे पूजा असली, साखरपुडा असला, की हार तिच्याच हातचे लागतात. मी अमरावतीला एका शाळेत विज्ञान शिकवतो. दोन आठवड्यांतून एकदा, शनिवारची अर्ध्या दिवसाची शाळा सुटली की एसटीनं अकोल्याला जातो आणि रविवारी परत येतो.

त्या शनिवारी पोचलो तेव्हा दार नुसतं लोटलेलं होतं. आई स्वयंपाकघरात जमिनीवर बसली होती. समोर डबेवाल्या बाईंकडून आलेला डबा उघडा. बाजूला तिनं देवातलं निरांजन आणून पेटवलं होतं. पोळीचा नखाएवढा तुकडा चिमटीत धरून तिनं तो ज्योतीवर नेला, कडेनं काळा होऊ दिला, वाटीत ठेवला, हात जोडले आणि मग जेवायला लागली. मी दारात उभा आहे हे तिला दिसलं नव्हतं.

आमच्या घरी पहिल्या भाकरीचा पहिला तुकडा चुलीत टाकायची रीत होती. गॅस आल्यावर तो तुकडा आई बर्नरवर ठेवायची. अग्नीला दिल्याशिवाय तिनं कधी घास घेतला नाही. आता तिच्या घरात अग्नी म्हणून हे निरांजनच उरलं होतं. गॅस सहा महिन्यांपूर्वी निघाला होता, आणि तो काढून नेणारा मीच होतो.

गॅस का काढला, याची एक हकिकत सगळ्यांना ठाऊक होती. दुसरी फक्त मला.

सगळ्यांना ठाऊक असलेली अशी. श्रावणातल्या एका रविवारी आईनं दूध तापत ठेवलं आणि विसरून पुढच्या पायरीवर हार करत बसली. दूध आटलं, पातेलं जळलं, शेजारी टांगलेल्या फडक्यानं पेट घेतला. आई धावली, पेटलेलं फडकं तिनं हातानंच ओढलं. उजवा तळवा आणि दोन बोटं भाजली. समोरच्या काकू आल्या म्हणून गॅस बंद झाला.

दुसरी अशी, की ते दूध मी ठेवलं होतं.

आई पायरीवर बसून शेजारच्या सत्यनारायणाचे पाच हार करत होती. तिला उठवू नये म्हणून मी स्वतःच आत गेलो, डाव्या बर्नरवर दूध ठेवलं. ते तापलं की चहा करणार होतो. तेवढ्यात आमच्या शाळेतल्या एका सरांचा फोन आला. ते गाडी घेऊन अमरावतीला निघाले होते, पुलाजवळ उभे होते. मी पिशवी उचलली आणि आईच्या पाया पडलो. ती म्हणाली, "चहा नाई पेत का?" मी म्हणालो, "तिकडं घेईन." आणि निघालो. दूध माझ्या डोक्यातून साफ गेलं.

मूर्तिजापूरच्या अलीकडे बहिणीचा फोन आला. ती अचलपूरला असते. काकूंनी तिला कळवलं होतं. "दादा, आईनं दूध ठेवलं न विसरली. हात भाजला." ऐकताक्षणी मला सगळं दिसलं, डावा बर्नर, माझा हात, सगळं. तिथंच सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "बापरे. जास्त भाजला का?" सरांनी गाडी वळवली, आम्ही परत गेलो. दवाखान्यात आईच्या हाताला मलम लावत होते, आणि ती कोणाकडे न बघता एकच म्हणत होती, "मले तं आठवतच नाई ठेवलं कधी. आठवतच नाई."

तिला आठवणार कसं? तिनं ठेवलंच नव्हतं. पण सगळ्यांनी त्याचा अर्थ तो लावला. कोणाला माझा संशय येणं शक्यच नव्हतं, कारण त्या घरात मी जन्मात कधी गॅस पेटवलेला कोणी पाहिला नव्हता. आमच्या घरातल्या पुरुषानं दूध तापत ठेवलं असेल, हे आईच्याही मनात येण्यासारखं नव्हतं. मी त्या समजुतीच्या आड लपलो. आज सांगू, उद्या सांगू म्हणत राहिलो, आणि मग बहीण म्हणाली, "आता गॅस ठेवणं धोक्याचं हाय," तेव्हा मी मान डोलावली. एवढंच नाही, सिलिंडर आणि शेगडी मीच उचलून काकूंच्या मागच्या खोलीत नेऊन ठेवली. आई दारात उभी राहून बघत होती.

हात बरा झाला. बोटं जरा आखडली तरी हार होतात. बिघडलं ते दुसरंच. ती दाराची कडी तीन तीनदा बघू लागली. हार करताना फुलं मोजायची, उसवायची, पुन्हा मोजायची. मग हारांना नाही म्हणायला लागली. "माह्यं डोकं गेलं आता, दुसरीकडून घ्या," असं लोकांना हसत सांगायची. बहिणीनं ठरवलं होतं की उन्हाळ्याआधी आईला अचलपूरला न्यायचं आणि अकोल्याचं घर बंद करायचं. आई त्यालाही हो म्हणाली होती. ज्या बाईनं वडिलांच्या मागे सगळ्यांशी भांडून ते घर राखलं, ती मुकाट्यानं हो म्हणाली होती.

निरांजन पाहिलं त्या दिवशी मी ठरवलं, आईची चूल परत पेटवायची. पण तेव्हाही पळवाट शोधलीच. गॅस परत आणायचा तर खरं सांगावं लागलं असतं. इंडक्शन आणली तर न सांगता भागणार होतं. बटण, काच, आपोआप बंद होणारी. बहीणही नाही म्हणू शकणार नव्हती. शेगडी आईसाठी घेतो आहे असंच मी स्वतःला सांगत होतो.

ठरवल्यावर मात्र मी मागे लागलो. पहिल्यांदा अकोल्यातला एक वायरमन धरला आणि आईच्या ओट्याजवळ जाड वायर टाकून मोठा प्लग बसवून घेतला, कारण साध्या प्लगवर ती शेगडी टिकत नाही. मग अमरावतीत तीन दुकानं फिरलो. शाळेच्या प्रयोगशाळेतला नालचुंबक खिशात घातला होता. तिसऱ्या दुकानाचे मालक माझ्या एका माजी विद्यार्थ्याचे वडील निघाले.

"सर, चुंबक कावून घेऊन फिरून राहिले?"

"भांडी तपासायची आहेत. चुंबक चिकटेल तेच भांडं चालतं ना?"

"बरोबर. पण ते घरची भांडी तपासाले असते. दुकानातली आमची सारी पास हायेत." ते हसले आणि दोन शेगड्या पुढे ठेवल्या. "ही टचची. बोट टेकवलं का चालू. ही बटनाची. टचची दिसाले भारी, पोट्ट्यांले तेच आवडते."

मी टचच्या काचेवर बोट टेकवलं. मग त्यांच्या माठातल्या पाण्यात बोट बुडवून पुन्हा टेकवलं. आकडे वेड्यासारखे उड्या मारू लागले.

"भाकरी थापणाऱ्या बाईचं बोट कधी कोरडं असतं का?" मी म्हणालो. "बटणाची द्या."

"वा सर! हे आमच्या लक्षात नाई आलं." त्यांनी बटणाचीचा पुठ्ठा उघडला. "कोनासाठी घेता?"

"आईसाठी. अकोल्याला असते."

"मंग हीच घ्या. भांडं उचललं का बंद, जास्त तापली का बंद, टाईम लावला तं टाईमावर बंद. म्हातारे मानसं विसरतात न, त्यांच्यासाठीच हाय ही. तुमची आई विसरते का?"

दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती. त्यातली एक बाई मानेनंच हळहळली. मी म्हणालो, "हो. विसरते."

त्यांनी पुठ्ठा सुतळीनं बांधून दिला. बाहेर आलो आणि स्कूटरजवळ नुसताच उभा राहिलो. मूर्तिजापूरच्या अलीकडे मी गप्प राहिलो होतो. दवाखान्यातही गप्प होतो. शब्दांत मात्र पहिल्यांदाच म्हणालो होतो, आणि तेही एका परक्या माणसासमोर, किती सहज. वर्गात मी मुलांना दर वर्षी सांगतो, प्रयोगवहीत जे दिसलं तेच लिहा, उत्तर जुळावं म्हणून आकडा बदलू नका. पुठ्ठा स्कूटरवर ठेवताना मी ठरवलं, ही शेगडी त्या घरात चालू होण्याआधी सांगायचं.

पुढच्या शनिवारी बसमध्ये पुठ्ठा मांडीवर घेऊन बसलो. मूर्तिजापूरला बाजूचा माणूस उतरला तरी मी पुठ्ठा खाली ठेवला नाही.

आईनं शेगडीकडे बघितलं, हात पदराला पुसले आणि काचेवरून तळवा फिरवला. "हे तं पाटीवानी हाय. याच्यात आग कुठी हाय?"

"आग नसते आई. भांडंच तापते."

"न लाईन गेली तं?"

"तं थांबाचं."

"उपाशी?" ती हसली. सहा महिन्यांत तिला असं हसताना मी पाहिलं नव्हतं. माझा निश्चय तिथंच जरा ढिला पडला. वाटलं, ती खूश आहे, कशाला आता. मी खिशातून चुंबक काढला आणि म्हणालो, "तुही भांडी काढ. कोनती चालतात ते पाहू."

तिनं फळीवरून एकेक भांडं उतरवलं. जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं, मोठं गंज, ज्यात ती वरण शिजवायची. चुंबक लावला, निसटून पडला. पितळेचं पातेलं, तेही नाही. लग्नातला स्टीलचा डबा, जड, चकचकीत, त्यालाही चिकटेना. मी सांगितलं, काही स्टीलला चिकटतो, काहींना नाही.

"म्हंजे माह्यी सारी भांडी नापास?" आई म्हणाली. "गुरुजीच्या घरची असून बी नापासच!"

भाकरीच्या लोखंडी तव्याला चुंबक खटकन बसला. आई टाळी वाजवणार तोच मी तवा काचेवर ठेवला. तो खोलगट, मधेच टेकून पाळण्यासारखा डोलू लागला. अशा तव्याचा मधला रुपयाएवढा भाग तापणार आणि भाकरी कडेनं कच्ची राहणार, हे तिला सांगावं लागलं नाही. तिनं बोटानं तव्याची कड दाबली, सोडली, पुन्हा दाबली. "अन फुगवाची कशी? तव्यावरून काढून जाळावर टाकल्याबिगर भाकर फुगत नाई."

"तव्यातच फडक्यानं दाबून फुगते म्हंतात."

"म्हंतात!" ती म्हणाली. "बरं. अजून एक हाय."

तिनं ओट्याखालून, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. कागद सोडला. तेच पातेलं होतं. ते मीच एका दिवाळीला अमरावतीहून आणलं होतं, सपाट बुडाचं. आत काळं कुळकुळीत, घासून घासून मधे तेवढं पांढरं पडलेलं. चुंबक जवळ नेला तर तो माझ्या हातातून ओढलाच गेला. पातेलं काचेवर ठेवलं. कुठंही न डोलता बसलं.

"घ्या," आई म्हणाली. "हे पास झालं." मग ती त्याच्या काळ्या बुडाकडे बघत राहिली. "रोज घासतो मी याले. वाटते, घासता घासता तरी आठवन. हातात घेतलं असन, दूध ओतलं असन, काडी लावली असन. काईच आठवत नाई रे बाबू. माह्या बापाचं बी असंच झालं होतं शेवटी. त्याले माह्यं नाव आठवे ना. आता मले वाटते, तुह्यं नाव गेलं तं?"

ती रोज ते पातेलं घासत होती, हे मला माहीत नव्हतं.

"आई, दूध मी ठेवलं होतं."

तिनं मान वर केली.

"त्या दिवशी. तू हार करून राहिली होती. मी आत येऊन दूध ठेवलं, चहासाठी. मंग सरांचा फोन आला न मी निघून गेलो. तू नाई ठेवलं. तू काईच नाई विसरली."

तिचा विश्वास बसला नाही. आपलं मन राखायला मुलगा काहीतरी बोलतो आहे, असं तिला वाटलं असावं. ती मुलांची परीक्षा घ्यावी तशी विचारू लागली. "कोन्या बाजूचा गॅस?"

"डावा."

"काडी कुठून घेतली?"

"काडी नाई, लायटर. खिळ्याले टांगला होता."

"दूध कशातलं?"

"झाकनाच्या गंजातलं. झाकन मी पानी प्याच्या माठावर ठेवलं."

यावर ती खाली बसली. "झाकन माठावर होतं," ती स्वतःशीच म्हणाली. "मी म्हनलं, मी कावून ठेवीन झाकन माठावर? जन्मात कधी ठेवलं नाई." मग म्हणाली, "म्हंजे मी नाई विसरली."

"नाई."

मला वाटलं, ती रडेल, नाहीतर डोक्यावर हात ठेवेल. तसलं काही झालं नाही. ती उठली, काचेवरचं ते पातेलं उचललं आणि माझ्यासमोर आपटलं.

"हात भाजला त्याचं मले काई नाई. हात काय, चार दिवसांत भरून येते. पन सहा महिने तू मले येडी होऊ देल्लं. मी कड्या पाहू पाहू थकून गेली. लोकाईचे हार मी परत केले. गॅस उचलून नेला तव्हा माह्या तोंडाकडं पाहून बी तुले बोलता नाई आलं? पोराईले काय शिकवतं तू शाळेत?"

मी पातेलं सरळ करून ठेवलं.

"लाव फोन," ती म्हणाली.

"कोनाले?"

"पोरीले. माह्यासमोर सांग. स्पीकर का काय असते ते लाव."

मी लावला. बहिणीला सगळं सांगितलं. मग ती म्हणाली, "दादा, मी आईची खोली रंगवून ठेवली. तिले न विचारता ठेवली, ती विसरते म्हून. तू मले बी खोटं पाडलं." आणि तिनं फोन ठेवला. महिनाभर ती माझ्याशी बोलली नाही, आईला मात्र रोज फोन करायची. बायकोला मी दुसऱ्या दिवशी अमरावतीला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "अहो, दिवाळीत आई इथं आल्या होत्या तेव्हा मी त्यांना चहासुद्धा करू दिला नाही."

तो फोन झाल्यावर आई मला घेऊन समोरच्या काकूंकडे गेली. दारातूनच ओरडली, "काय वं, तुमच्या पुढ्यात उभा हाय तो दूध जाळणारा! अन तुमी मले औषध सांगत होते बदामाचं!" काकूंनी आधी तोंडावर पदर घेतला, मग त्यांना हसू आवरेना. बोळीतली आणखी दोन दारं उघडली. पन्नाशीच्या माणसाला अशी शिक्षा क्वचित होते, आणि मला ती कमीच वाटली. मी काकूंच्या मागच्या खोलीतून सिलिंडर खांद्यावर घेतला, शेगडी काखेत मारली आणि सगळ्यांदेखत बोळ ओलांडून घरी आणली.

त्या संध्याकाळी आईनं ज्वारीच्या भाकरी केल्या. पहिली भाकर जाळावर टम्म फुगली. तिचा तुकडा मोडून तिनं बर्नरवर ठेवला आणि हात जोडले. निरांजन परत देवात गेलं होतं.

इंडक्शन मी परत करतो म्हणालो. आई नाही म्हणाली. "राहू दे. ती तुह्यासाठी हाय. माह्या गॅसले तू हात लावाचा नाई. चहा पायजे तं त्या पाटीवर मांडाचा, अन त्याच पातेल्यात."

ते पातेलं आता माझं आहे. कितीही घासलं तरी बूड काळंच राहिलं आहे. आई अचलपूरला गेली नाही. हार पुन्हा घेते. पण कडी अजूनही बघते, तीनदा नाही, दोनदा. मी ते बघतो आणि तिला थांबवत नाही, कारण ती सवय मी लावलेली आहे.

मागच्या रविवारी ती पायरीवर शेवंतीचा हार करत होती. मी आत चहा केला, दोन कप घेऊन बाहेर आलो. तिनं कप घेतला, फुंकर मारली आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "बंद केली का?"

"ती आपोआप बंद होते, आई. भांडं उचललं का."

"जाऊन पाह्य."

मी कप पायरीवर ठेवला आणि उठून आत बघायला गेलो.